डोमाजीची बसऱ्याची बोट

डोमाजी : ...आन बोटीवर चढलं का खाली पाहाचं नाई. आपुन पान्याकडं पाह्यलं का पानी आपल्याकडं पाहाले लागते. लिहा, जवाईबापू.

बाबाराव : लिहिलं, मामाजी. 'खाली पाहू नये.' मग पाहायचं कुठं?

डोमाजी : वर.

बाबाराव : चार दिवस वरच?

डोमाजी : तुमचे चारच हायेत. म्या लढाईच्या साली इराकात बसऱ्याले जाताना नऊ दिवस वर पाह्यलं. मान अकडून गेलती माह्यी. डाक्टर म्हने, डोमा, तू फौजी हायेस का बगळा?

कौसल्या : बाबा, मांगच्या वर्षी तुमी बारा दिवस म्हनत होते.

डोमाजी : तुफान आलं तं बारा. नाई आलं तं नऊ. तू मंधात नको बोलू, कौसा. जवाईबापू सरकारी मानूस हाय, त्याईच्या वहीत खाडाखोड चालत नाई.

बाबाराव : बोलू द्या तिला. हे मोजणीबुकाचं मागचं पान आहे. पुढच्या पानावर केळापूरच्या जंगलातला साग आहे, मागं समुद्र. तर पहिल्यापासून वाचतो. उद्या सकाळच्या एसटीनं वणी, तिथून बल्लारशा, बल्लारशाहून मद्रासची गाडी. गुरुवारी बोट. मद्रास ते पोर्ट ब्लेअर, दोन माणसं, खालचा वर्ग. बोटीवर बाळगायच्या खबरदाऱ्या : एक, खाली पाहू नये.

कौसल्या : म्हैना झाला, बाबा, हे मले रोज वाचून दाखवून राह्यले. झोपीत इचारलं तरी सांगीन मी, वणी, बल्लारशा, मद्रास.

बाबाराव : मामाजी सोडले, तर आपल्या दोघांच्याही खानदानात कोणी पैनगंगेपलीकडचं पाणी पाहिलं नाही, कौसल्या. माझी आई तर अजून अंदमानाला काळं पाणीच म्हणते. तिला वाटतं, मी काहीतरी गुन्हा केला आणि सरकारनं धाडलं. तिला सांगून थकलो, की बाई, तिथं सरकारी लाकडाचा डेपो आहे, तिथं मोजणीदार पाहिजे, आणि हातात शिक्का-हातोडा घेऊन मी स्वतःच्या पायानं चाललो. आता अख्ख्या तालुक्यात बोटीत बसलेला माणूस एकच. तो माझा सासरा निघाला, हे माझं नशीब.

डोमाजी : म्हून तं सांगून राह्यलो. आता खान्याचं लिहा. खानं बंद.

बाबाराव : बंद?

डोमाजी : पूर्न बंद. आन पानीही बंद. चार दिवस घोट घ्याचा नाई. पोटात काही असनच नाई, तं निंघन काय बाहीर? माह्या शेजारी एक शिपाई होता, त्यानं दुसऱ्या दिवशी अर्धा पेला पानी पेलं. बसऱ्याले त्याले चौघाईनं उचलून उतरवलं.

बाबाराव : 'अन्न वर्ज्य. पाणी वर्ज्य.' बरं.

डोमाजी : आन रातच्याले धोतरानं खाटीले बांधून घ्याचं सोताले. एका धोतरात एकच मानूस, हे ध्यानात ठेवा. नवरा-बायको एका धोतरात बांधले आन बोट कलली, का जो जड हाय तो हलक्याले घेऊन जाते.

कौसल्या : मंग मले कायची भीती नाई. हेच उडतीन.

डोमाजी : हास तू. समुद्राले हासनारे म्या लय पाह्यले. हां, आन एक. बोटीवर भांडाचं नाई. घरी भांडलं तं बाई मायेरी निंघून जाते, मानूस वावरात जाऊन बसते. बोटीवर जाता कुठी?

बाबाराव : हे ठळक लिहितो. मामाजी, एक विचारायचं होतं.

डोमाजी : इचारा नं.

बाबाराव : समजा एखादी बाई आहे. तब्येत... म्हणजे नाजूक आहे. तर तिचं बोटीवर कसं काय होतं?

कौसल्या : अवो, सोडा नं ते.

बाबाराव : नाही, विचारू दे.

डोमाजी : नाजूक म्हंजे? पोटूशी म्हनता का? अरे बाप्पा! तिनं तं बोटीकडं पाहूही नाई. आमच्या बोटीवर होती एक. गोऱ्या कप्तानाची बायको. पाचवा म्हैना. चांगली हट्टीकट्टी, घोड्यावर बसनारी. तिसऱ्या दिवशी दर्या खवळला, आन तिचं जे पोट दुखाले लागलं... काय सांगू तुमाले. कप्तान रडे लेकरावानी. पोट तं गेलंच, बाईही कशीबशी वाचली.

कौसल्या : फौजेच्या बोटीत बाई कुठून आली, बाबा?

डोमाजी : आली म्हंजे आली. कप्तानाची होती. कप्तानाले कोन मना करन?

(बाबाराव वही मिटतो.)

बाबाराव : झालं मग. कौसल्या येणार नाही.

कौसल्या : काय म्हनता तुमी?

बाबाराव : ऐकलंस ना? मामाजी, तुम्हाला सांगितलं नाही अजून. ती लाजत होती. सासूबाईंना माहीत आहे. कौसल्येला चौथा लागला आहे.

डोमाजी : चौथा... म्हंजे? आपल्या कौसाले?

कौसल्या : हाव, बाबा.

डोमाजी : अन् मले कोनी सांगतलं नाई! घरात मी एकटाच उपरा हावो का? इकडं ये तू. इकडं ये, पोरी. नाना होनार मी? जवाईबापू, तुमीही असे बसले जसं काही कोनाचा डाव फसला!

बाबाराव : मामाजी, पांढरकवड्याच्या डॉक्टरला विचारलं होतं. तो म्हणाला, चौथा-पाचवा महिना चांगला असतो, खुशाल न्या, खाणंपिणं सांभाळा. मी निश्चिंत झालो होतो. पण डॉक्टरनं बोट पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली आहे. आता तुमच्यापेक्षा त्याचं कसं ऐकू?

कौसल्या : डाक्टर शिकेल हाय.

बाबाराव : असेल. पण ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याचं खरं. मी उद्या एकटा जातो. तू इथं राहा. बाळंतपण होऊ दे, मूल जरा धरू दे, मग पाहू.

कौसल्या : मंग म्हंजे कवा? रजा दोन वर्सानं भेटते, तुमीच सांगतलं.

बाबाराव : दोन वर्षांनी. मग दोन वर्षांनी येईन न्यायला.

डोमाजी : बरोबर बोलले जवाईबापू. राहू दे तिले. माह्यी लेक माह्या घरी, काय कमी हाय? तिची माय हाय, सुखीबाई दाईन समोरच राह्यते. लेकरू अथी होईन, माह्या मांडीवर वाढन. दोन वर्सं म्हंजे काय, पाहता पाहता जातीन. हाव, असंच करा. लय चांगला इचार हाय.

कौसल्या : तुमाले आनंद झाला, बाबा.

डोमाजी : का नाई होनार? लेक घरी राह्यते, कोन्या बापाले आनंद नाई होनार?

कौसल्या : बाबा, तुमी फौजेतून आले तवा मी किती वर्साची होती?

डोमाजी : तीन. गेलतो तवा पाळन्यात होती.

कौसल्या : आन आले तवा मी काय केलं?

डोमाजी : आता ते कायले काढते?

कौसल्या : सांगा नं. याईले म्हाईत नाई ते.

डोमाजी : रडली. बम रडली. खाकी कोटातला मानूस पाहून मायच्या मांगं लपली. मी साखर देऊन राह्यलो आन हे पोट्टी म्हने, याले जाय म्हना.

कौसल्या : किती दिवस?

डोमाजी : चार म्हैने मले बाबा म्हनलं नाई तू. 'तो मानूस' म्हने. माय, तो मानूस आला, त्याले भाकर दे. आयकून माह्यं काळीज तुटे.

कौसल्या : याईचं लेकरूही असंच म्हनन. तो मानूस.

बाबाराव : कौसल्या, मला काय हौस आहे का? मी महिनाभर तिथं मिळणाऱ्या खोलीचा विचार करतो आहे, चूल कुठं मांडशील, पाळणा कुठं टांगू. पण तिसऱ्या दिवशी समुद्रात तुझ्या पोटात दुखलं, तर मी काय करू? तिथं ना गाव, ना दवाखाना. जन्मभर स्वतःला माफ करता येणार नाही मला.

कौसल्या : म्हून मी बाबाले इचारून राह्यली. बाबा, खरं सांगा. त्या बाईचं तुमी तुमच्या डोयानं पाह्यलं?

डोमाजी : ...पानी दे मले.

कौसल्या : घ्या.

डोमाजी : जवाईबापू, तुमी जरा बाहीर जाता का? ओट्यावर बसा. नाई, नाई, बसा. तुमीच तं आयकाले पायजे. अरे बाप्पा, कुठून धरू आता?

बाबाराव : काय झालं, मामाजी? बरं वाटत नाही का?

डोमाजी : ते बाई नोती.

बाबाराव : कोणती?

डोमाजी : कप्तानाची. बोटीवर बाई नोती. कप्तानही नोता, म्हंजे असन, पन म्या पाह्यला नाई. मी बसऱ्याले गेलोच नाई, जवाईबापू.

बाबाराव : नाही गेलात? म्हणजे दुसरीकडं गेलात?

डोमाजी : कुठीच नाई गेलो. मुंबईच्या गोदीपर्यंत गेलो. शिडी लागली होती. आमची लाइन चढून राह्यली होती, पुढं उकंडा, उमरखेडकडचा माह्या दोस्त, मांगं मी. दोन पायऱ्या चढलो. तथी डाक्टर उभा होता, तो म्हने सदरा वर कर. वर केला. आंगभर कांजिन्या. म्हने, इसको उतारो. उतरवलं. कंपनी गेली. बोट कशी निंघाली तेही नाई पाह्यलं म्या, दवाखान्याच्या गाडीत होतो. बऱ्या झाल्यावर देवळालीच्या डेपोत धाडलं. लढाई सरेपर्यंत बटाटे सोलले. दोन पायऱ्या चढलो होतो, जवाईबापू. त्या दोन पायऱ्याचे म्या बारा दिवस केले.

बाबाराव : आणि हे सगळं? धोतर, शिपाई, पाणी वर्ज्य?

डोमाजी : लढाई सरल्यावर उकंडा वापस आला, म्हैनाभर देवळालीत संगं होता. तो रोज सांगे, मी आयके. थोडं त्याचं हाय. बाकीचं मी लावत गेलो.

बाबाराव : पण कशासाठी, मामाजी?

डोमाजी : तुमी तवा ल्हान होते. चावडीवरून जाताना आमाले पायातले जोडे हातात घ्या लागे. मी कोट घालून गावात आलो, जोडे हातात. ओट्यावरून पाटलानं इचारलं, काय रे डोमा, बसऱ्याहून आला म्हनते? माह्या तोंडातून हाव निंघून गेलं. तो म्हने, बस मंग, सांग. बस म्हनला, जवाईबापू! माह्या बापाले त्या ओट्यावर कोनी जन्मात बस म्हनलं नोतं. मी बसलो. दोन घंटे बसलो. मंग जवा जवा बसाचं राहे, तवा तवा बोट काढा लागे.

बाबाराव : पण आता तर दिवस बदलले.

डोमाजी : आता तं मी कोनी नाई म्हनलं तरी बसतो. आता कायले पायजे मले बसरा? पन एवढं बोलून ठेवलेलं वापस कसं घ्याचं, हे नाई समजलं. बोला, जवाईबापू. काहीही बोला.

बाबाराव : म्हणजे त्या बाईचं पोट गेलंच नाही.

डोमाजी : बाईच नोती तं पोट कुठून जाईन?

बाबाराव : नक्की?

डोमाजी : लेकीची आन घेऊन सांगतो. रामलालच्या दुकानापुढं एक दिवस बायाही आयकाले बसल्या होत्या. बायाईसाठी गोष्टीत एखादी बाई पायजे होती, म्हून घातली.

बाबाराव : हुश्श! मामाजी, तुम्हाला कळणार नाही, माझ्या छातीवर केवढा ओंडका होता तो. मी इथं शांत बसलो होतो, पण मनात म्हणत होतो, उद्या बल्लारशाच्या गाडीत रडू आलं, तर लोकांना काय सांगू? कौसल्या, तू येतेस! ऐकलंस का? तू येतेस!

कौसल्या : आयकलं. हळू बोला, सुखीबाईपर्यंत आवाज गेला.

डोमाजी : तुमाले राग नाई आला?

बाबाराव : यायला पाहिजे होता. पण आता आनंदच इतका झाला, की रागाला जागा नाही. पुढं कधी आला, तर पत्रानं कळवीन.

डोमाजी : आन तू, पोरी? तू काहून हासून राह्यली? बापाची इज्जत गेली अन् तुले हासू येते?

कौसल्या : मले म्हाईत होतं, बाबा.

डोमाजी : कोनी सांगतलं?

कौसल्या : तुमीच. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, तवापासून दर रविवारी वंदनेले मी तुमच्या मांगं बसते. पंचशील म्हनताना पह्यले तीन शीलं तुमी असे जोरानं म्हनता, का पाखरं उडतात. चौथं आलं का खोकला. खोकून झालं का पाचवं आनखी जोरानं.

बाबाराव : चौथं म्हणजे...

कौसल्या : खोटं बोलनार नाई. आठ वर्सं झाले. कवा तिसऱ्यावर खोकला आला नाई, कवा पाचव्यावर आला नाई. इतका हुकमी खोकला म्या कुठी पाह्यला नाई.

डोमाजी : धम्मापुढं कसं बोलू, पोरी? इकडं ओट्यावर बसरा, तिकडं मुसावादा वेरमणी. तोंड उघडेच नाई माह्यं. मले वाटे, कोनाले समजत नाई.

कौसल्या : मायले तं त्याच्याही आंधी म्हाईत हाय. तुमच्या कार्डावर देवळालीचा शिक्का राहे. पोस्टमन वाचून दाखवे.

डोमाजी : ते बाई अठरा वर्सं चुप बसली? इंदू? जे मीठ जास्त झालं तरी सात घरी सांगते?

कौसल्या : माय म्हने, सांगू दे त्याईले. खोटं हाय पन मानूस ताठ बसून सांगते, मले पाहाले चांगलं वाटते.

डोमाजी : असं म्हने?

कौसल्या : हाव.

बाबाराव : आणि तू मला का नाही बोललीस? मी एकटा निघालो होतो, बाई!

कौसल्या : मी बोलली असती तं तुमी मानलं असतं? म्हनले असते, हिले यायचं हाय म्हून बापाले खोटं पाडून राह्यली. हे बाबानंच बोलाचं होतं. मले नोतं वाटत बोलतीन म्हून. घरी ठेवाले भेटत होतं नं मले. तोंडाशी आलेलं सोडून दिलं तुमी, बाबा.

डोमाजी : सोडलं खरं. 'तो मानूस' म्हनलं तू, अन् माह्याच्यानं राहवलं नाई. जवाईबापू, ते वही काढा. खाडाखोड करा. माह्यं माह्यं सारं खोडा.

बाबाराव : तुमचं कोणतं, उकंडाचं कोणतं? मी तर सगळं एकाखाली एक लिहिलं आहे.

डोमाजी : भेवाचं सारं माह्यं. 'खाली पाहू नये' खोडा. उकंडा म्हने, लांब पाहाचं, जथी आभाय टेकते तथी, म्हंजे डोकं फिरत नाई. आन खानं-पानी बंद, ते तं आंधी खोडा! रिकाम्या पोटी जास्त मळमळते म्हने. थोडं थोडं खात राहाचं. फुटाने, कडक भाकर. पानी घोट घोट, पन घेत राहाचं. लिंबू हुंगाले ठेवाचं. आन बोटीच्या मंधात जागा धराची, टोकाले नाई. मंधात कमी हलते.

बाबाराव : हळू, हळू. 'मध्यभागी जागा.' धोतर?

डोमाजी : धोतर माह्यं. खोडा.

बाबाराव : आणि बोटीवर भांडू नये?

डोमाजी : ते माह्यं हाय, पन ते खरं हाय. ते ठेवा.

कौसल्या : बोट सुटली का खाली नका बसून राहू म्हने का तो? मले खालच्या कोंदट जागेचं भेव वाटते.

डोमाजी : हाव, हाव! वर हवेत जाऊन बसाचं. उकंडा तं रात्रंदिवस वरच राहे म्हने. तू घोंगडी घेऊन जायजो संगं. आन उलटी झालीच तं लाजाचं नाई, बोटीवर सायबालेही होते.

बाबाराव : हे डॉक्टरच्या सांगण्याशी जुळतं आहे. तोही म्हणाला, थोडं थोडं खात राहा. मामाजी, हा तुमचा उकंडा चांगला माणूस होता. त्याला भेटता येईल का, वाटेत?

डोमाजी : आता नाई भेटत. मांगच्या साली गेला. सरनापर्यंत गेलतो मी. तथी लोकं मले म्हने, तुमी दोघं एकाच बोटीत होते नं? ...तथीही हाव म्हनलं म्या. त्याच्या सरनापुढं. ते मले लय लागलं होतं, पोरी.

कौसल्या : आता झालं नं, बाबा. आता मोकयं झालं.

डोमाजी : मोकयं झालं. खरंच झालं. आंग हलकं वाटून राह्यलं, ताप उतरल्यावर वाटते तसं. पन गावात काय सांगू? रामलाल उद्या इचारन, लेकीले बोटीचं काय काय सांगतलं म्हून.

बाबाराव : एकदम सांगू नका.

डोमाजी : नाई. आंधी बाराचे नऊ करीन. मंग नवाचे सहा. दिवाळीपर्यंत देवळालीले येऊन जातो.

कौसल्या : बाबा!

डोमाजी : बरं, बरं. एकदम सांगीन. तुमची एसटी निंघाली का सिधा रामलालच्या ओट्यावर जातो, बसतो आन सांगतो. हासतीन, हासू दे. बसून तं घेईन आंधी. कौसा, तुझी माय येईन आता फुटाने भाजून. तिले म्हनावं, आनखी भाज. दोघाईले नाई, तिघाईले पुरले पायजे.

कौसल्या : तुमी रडून राह्यले का?

डोमाजी : नाई. हाव, थोडं. चांगलं वाटून राह्यलं म्हून. एक काम करशीन, पोरी?

कौसल्या : सांगा.

डोमाजी : गोदीत म्या समुद्र पाह्यला, पन तो गोदीतला. पलीकडं भिंत होती. चारही बाजूनं पानीच पानी, कुठी झाड नाई, गाव नाई, तवा मानसाले कसं वाटते, हे म्या उकंडाले कवा इचारलंच नाई. लाज वाटे. तू लिहजो मले.

कौसल्या : लिहीन, बाबा. पान भरून लिहीन.

डोमाजी : भेव वाटलं तं भेव लिहजो. काही नाई वाटलं तं काही नाई लिहजो. जेवढं लिहशीन तेवढंच सांगीन मी लोकाईले. काही जोडनार नाई.